रोज एक रेघ

टाकीचा कॉक बंद करायला म्हणून महबूब गच्चीवर चढला आणि कोपऱ्यात बरणी आडवी पडलेली त्याला दिसली. संध्याकाळचे पाच वाजत आले होते, पण ऊन काही हटायला तयार नव्हतं. पाण्याचा टँकर टाकी भरून निघून गेला होता आणि टाकीच्या तोंडातून वर आलेलं पाणी गच्चीच्या उतारावरून वाहत त्याच्या बायकोच्या, सुगराच्या, स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरत होतं. त्यानं कॉक बंद केला, ओले हात लुंगीला पुसले आणि मग बरणीकडे नीट पाहिलं. मुरंब्याची बरणी, तिला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर त्याच्या पोरीनं, रबियानं, फूटपट्टी धरून ओढलेल्या वीस रेघा. आत पाणी नव्हतं. खालच्या अंगाला मिठाची पांढरी खरपुडी धरली होती आणि तिच्यावर पिवळट धूळ बसली होती. धुळीचं तुफान येऊन गेलं त्याला आज आठ दिवस झाले होते, म्हणजे आठ दिवस ही अशीच पडून होती. त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं, वाऱ्यानं बरणी पडायचीच. तो शिडीकडे वळला, दुसऱ्या पायरीवर पाय टेकला आणि तिथंच थांबला. दुपारी जेवताना त्यानं रबियाची वही पलंगावर उघडी पडलेली पाहिली होती, आणि तिच्यात आजच्या तारखेपुढे सहाचा आकडा होता. पाणी सहाव्या रेघेवर. वळणदार, गोल पोटाचा सहा. संध्याकाळी पाचला बघून लिहायचा आकडा पोरीनं दुपारी एकलाच लिहून ठेवला होता.

खाली आल्यावर सुगरा म्हणाली, "झाली काय बंद? भिंतीचा पोपडा निघाला बघा." तिला सातवा महिना होता, उठताबसता ती कमरेवर हात ठेवायची. महबूब हो म्हणाला आणि पलंगावर बसला. अरबांच्या मुलखात, फरवानियातल्या त्या दोन खोल्यांत बसायला तेवढी एकच जागा होती. रबिया जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. सात वर्षांची पोर, चार वर्षांची असताना गावाकडून इथं आणली होती, आणि आता शाळेत शिकलेल्या इंग्रजीतच जास्त बोलायची. तिची वही त्यानं उचलली. शाळेतल्या बिल्कीस मिसनं मुलांना हा उद्योग दिला होता: बरणीत समुद्राचं पाणी भरायचं, उघड्यावर ठेवायचं, रोज एका ठरलेल्या वेळी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते बघून लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात मनात काय प्रश्न आला तेही लिहायचं. कालच वही परत आली होती. पहिल्या पानावर लाल शाईत तारा काढलेला होता आणि खाली दोन ओळी होत्या, की परवा सकाळी, म्हणजे आता उद्याच, शाळेच्या कमिटीचे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यापुढे रबिया आपली वही वाचून दाखवील. सुगरानं ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं आणि रबियाचा पांढरा फ्रॉक इस्त्री करून खिळ्याला टांगून ठेवला होता. महबूबनं पानं उलटली. पहिले चार दिवस नुसता गोंधळ होता. वीस, मग एकोणीस, मग सतरा लिहून खोडून साडेसतरा, मग सतरा, कागदावर पाण्याचे डाग, आणि शेजारच्या रकान्यात प्रश्नांची गर्दी. पाणी कुठं गेलं, पक्षी पिऊन गेला काय, पक्षी खारट पाणी पितात काय, बाबानं बोट घातलं म्हणून कमी झालं काय. पाचव्या दिवसापासून वही एकदम शहाणी झाली होती. सोळा, पंधरा, चौदा, तेरा. रोज एक रेघ. एक डाग नाही, खाडाखोड नाही आणि प्रश्नांचा रकाना कोरा. असे अकरा दिवस त्यानं बोटानं मोजले. पाचवा दिवस त्याला चांगला आठवत होता.

समुद्राचं पाणी त्यानंच आणून दिलं होतं. तो समुद्राकाठी पाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होता. खारं पाणी आत घ्यायचं, उकळून त्याची वाफ करायची आणि वाफेचं गोडं पाणी करून शहराला द्यायचं, हा तिथला धंदा. पाइपाच्या तोंडाशी उभं राहून त्यानं बरणी भरली होती आणि मांडीवर धरून ट्रकमधून घरी आणली होती, हिंदकळू न देता. पहिल्या संध्याकाळी दोघं गच्चीवर पालथे पडले होते. फरशी भाजत होती म्हणून खाली गोणपाट टाकलं होतं. "डोळा पाण्याच्या बरोबर आण," तो तिला सांगत होता, "वरनं बघितलंस तर जास्त दिसतं, खालनं बघितलंस तर कमी." ती जीभ दातात धरून एक डोळा मिटत होती, आणि दुसराही मिटला जात होता. त्याला हसू आलं होतं. गच्चीला कठडा नव्हता आणि लोखंडी शिडी उभी होती, म्हणून रबियानं एकटीनं वर जायचं नाही असा घरात नियम होता. सुगराला चढवत नव्हतं. त्यामुळे रोज पाच वाजता महबूब बरोबर जायचा, आणि ते चार दिवस त्याला बरे गेले होते. प्रश्नांना उत्तरं मात्र त्यानं दिली नव्हती, तसा मिसचा निरोपच होता की घरच्यांनी उत्तर सांगू नये, तुला काय वाटतं असं उलट विचारावं. दमलेल्या माणसाला हे मोठं सोयीचं होतं. पण रबिया उलट विचारल्यावर इतकं बोलायची की सोय कुठल्या कुठे जायची.

मग पाचवा दिवस आला. बदलीचा माणूस आला नाही म्हणून महबूबनं लागोपाठ दोन शिफ्टा केल्या होत्या. ट्रकनं त्याला दुपारी तीनला दारात टाकलं, तेव्हा त्याचे पाय बुटातून बाहेर यायलाही तयार नव्हते. तो कपडे न बदलता पलंगावर पडला. पाचला कुणीतरी त्याच्या पायाचा अंगठा हलवला.

"बाबा, रेघ बघायची."

"काल किती होती?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"सेव्हन्टीन."

"मग सोळा लिही."

"बघायचं नाय?"

"रोज एक उतरते. बघून काय वेगळं दिसणार हाय?"

"मिस म्हणते, बघून लिहायचं."

"मी पण असाच लिहितो," तो म्हणाला. "प्लांटवरच्या मोठ्या वहीत. रोज."

ती थोडा वेळ उभी राहिली असावी. मग कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावर त्याला अशी गाढ झोप लागली की तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी तिनं दारातूनच विचारलं, लिहू? तो म्हणाला, लिही. तिसऱ्या संध्याकाळी तिनं विचारलं नाही, आणि चला, आजचं वर जाणं वाचलं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याच दिवशी तुफान होतं. इथले लोक त्याला तोझ म्हणतात. भर दुपारी दिवा लावायची पाळी आली होती, सुगरानं दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली होती आणि तो डोक्यावरून चादर घेऊन झोपला होता. वर आपली बरणी आहे हे त्याला आठवलंही नव्हतं.

मोठ्या वहीत लिहायची ती गोष्ट मात्र खरी होती, आणि खरी होती म्हणूनच आता त्याला डाचत होती. प्लांटवर दर तासाला त्याला एक काटा बघायचा असे. तयार झालेल्या पाण्यात खारटपणा किती उरला ते तो काटा सांगायचा. पहिलं वर्ष, म्हणजे अठ्ठावन्न साल, तो काट्यापुढे वाकायचा, काचेवर दोनदा टिचकी मारायचा, काटा थरथरून स्थिर होईपर्यंत थांबायचा आणि मगच आकडा लिहायचा. काटा क्वचित केसभर हलला तर त्याला दिवसभर बरं वाटायचं, कुठल्या पंपानं तो हलवला असेल याचा तो विचार करत बसायचा. बरोबर काम करणारा अब्बास गुहागरकडचा, त्याच्याहून चार वर्षं जुना. तो हसायचा. "अरे, काटा काय पळून जातो काय? वरचा आकडा खाली लिही आणि चहाला चल." महबूब तेव्हा गेला नव्हता. पुढे कधी जायला लागला ते त्याला सांगता आलं नसतं. असा एखादा दिवस नसतोच. एक दिवस गुडघा दुखत होता, एक दिवस बापाच्या मरणाची तार आली होती, एक दिवस नुसताच कंटाळा. मग एकदा त्यानं चार तासांचे आकडे आधीच लिहून टाकले, आणि काही झालं नाही. पाणी गोडच निघालं, शहरानं ते प्यायलं, साहेबानं वहीच्या तळाशी सही ठोकली. काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं. आठ वर्षं झाली, आता सहासष्ट साल चाललं होतं, आणि आपण पाट्या टाकतो हे त्याला माहीत होतं. त्याची लाजही केव्हाच वाटेनाशी झाली होती. आज ती वाटत होती, आणि तीही सात वर्षांच्या पोरीपुढे, जी मान खाली घालून हत्तीला हिरवा रंग देत होती.

आपण असे नव्हतो, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की असं प्रत्येकालाच वाटत असणार. पण खरोखरच तो असा नव्हता. त्याच्या गावी घरामागे खाडी होती. बाप जहाजावर खलाशी, दोन दोन वर्षांनी घरी यायचा. महबूब त्याच्यासाठी प्रश्न साठवून ठेवायचा आणि बाप आला की एकामागून एक विचारायचा, आणि बाप ट्रंकेवर बसून विडी ओढत प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा, "असतं तसं." खूप दमलेला असायचा बाप. हे महबूबला तेव्हा कळत नव्हतं, आता कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. दहा वर्षांचा असताना त्यानं खाडीच्या चिखलात बांबूची काठी रोवली होती आणि भरतीचं पाणी काठीच्या खाचेला कधी लागतं ते तो मशिदीतल्या घड्याळावर बघून यायचा. पळत जायचं, घड्याळ बघायचं, पळत यायचं. सतरा दिवस त्यानं ते केलं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच मागे पडते, असं त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला रात्री झोप लागली नव्हती. सकाळी त्यानं ते आईला सांगितलं. आई म्हणाली, हे तर मासळीवाल्या बायांनाही ठाऊक आहे. ठाऊक असेल. त्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यानं ते पाहिलं होतं. साऱ्या आयुष्यात त्यानं स्वतः शोधून काढलेली तेवढी एकच गोष्ट होती. ती त्यानं पुढे कुणालाच सांगितली नाही. सुगरालाही नाही. रबियाला सांगावी असं त्या चार दिवसांत एकदा ओठांवर आलं होतं, पण उद्या सांगू म्हणून राहिलं.

"रबिया, चल, वर जाऊ," तो म्हणाला.

"का?"

"चल तर."

रबिया पुढे आणि तो मागे हात धरून, असे दोघे शिडी चढले. ऊन आता उतरलं होतं, पण फरशीतून वाफ येत होती. त्यानं तिला बरणीपाशी नेलं आणि तो खाली बसला, गुडघे कटकट वाजले. ती उभीच राहिली. ती घाबरेल, रडेल, निदान हे कधी झालं असं विचारील, अशी त्याची अपेक्षा होती. ती आडव्या बरणीकडे बघत होती, पण तसं बघणं त्याच्या ओळखीचं होतं. प्लांटवर अब्बास काट्याकडे असंच बघायचा.

"पाणी कितीवर हाय?" महबूबनं विचारलं.

"सिक्स," ती म्हणाली.

"बघून सांग, बाय."

"सिक्सच. मी लिहिलंय." मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीतरी चुकलं हे तिच्या ध्यानात आलं. खालचा ओठ बाहेर आला. "तू बोललास, रोज एक उतरते."

"मी बोललो. माझा चुकला."

"मग काय लिहू?"

"दिसतं ते लिही."

"काय दिसतं, ते सांग ना," ती म्हणाली. तिनं जांभई दिली आणि हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे चोळले. "आय अॅम टायर्ड, बाबा. तू आकडा सांग, मी लिहिते."

महबूबनं बरणी उचलली, तळाचं मीठ नखानं खरवडून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते जिभेला लावलं नाही की वासही घेतला नाही, सांगितल्यासारखी मूठ मिटून ती उभी राहिली आणि थोड्या वेळानं तिनं ती फ्रॉकला पुसली. हीच पोर पंधरा दिवसांपूर्वी पाणी कुठं गेलं म्हणून गच्चीची फरशी हातानं चाचपत होती. अकरा दिवसांत इतकं जातं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला भीती वाटली. आपल्याला आठ वर्षं लागली होती. तिला तर अजून सगळी शाळा पुढे होती.

सकाळी तो पावणेसातलाच तिला घेऊन शाळेत गेला. प्लांटचा ट्रक सात वाजता शाळेच्या कोपऱ्यावरून जायचा, तिथंच चढतो असं त्यानं ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. शाळा म्हणजे मातीच्या भिंतींचं एक जुनं घर, मध्ये अंगण, चारी बाजूंना वर्ग. बिल्कीस मिस वर्गात एकट्याच होत्या. बाई पुण्याच्या कॅम्पातल्या, चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून त्या मुलांच्या बरण्या ओळीनं मांडत होत्या. रबिया खिडकीपाशी आपल्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं वही पुढ्यात ठेवली. महबूब टेबलापाशी गेला आणि रात्रभर जुळवलेलं सगळं एका दमात बोलून गेला, बरणी, तुफान, सोळाचा आकडा, आणि आपणच तिला तसं शिकवलं तेही. प्लांटच्या वहीचं मात्र त्यानं सांगितलं नाही. बाई हातातली बरणी पुसत राहिल्या.

"मला माहीत आहे, महबूबभाई," त्या म्हणाल्या.

"माहीत हाय?"

"बावन्न वह्या तपासते मी. तुफान आलं त्या दिवशी सगळ्यांचं पाणी तीन तीन रेघा उतरलं. रबियाचं एकच." त्यांनी बरणी खाली ठेवली. "तेव्हाच कळलं."

"मग तारा कशाला दिलात?"

बाईंनी टेबलाखालच्या खोक्यातून दोन वह्या काढून त्याला दाखवल्या, चुरगळलेल्या, डाग पडलेल्या. "ही असमाची. तिनं लिहिलंय की बरणीत माशी पडली म्हणून पाणी वाढलं. ही अशरफची. सात दिवसांचे आकडेच नाहीत, नुसतं लिहिलंय की आज मावशीकडे गेलो होतो, पाणी कसं आहे माहीत नाही. आता पाहुण्यांपुढे मी हे वाचायला लावू? शाळेला आणखी एक वर्ग द्यायचा की नाही ते आज ठरणार आहे. स्वच्छ वही एवढी एकच होती." त्यांनी वह्या पुन्हा खोक्यात टाकल्या. "मीसुद्धा माणूस आहे हो. दमते मी."

त्याला त्यांचा राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. दोघं तसेच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"थ्री?" खिडकीकडून आवाज आला. रबियानं मान वर केली होती. "एव्हरीबडीज?"

"हो बेटा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची."

"माझी तर पडली. सगळ्यांची पडली काय?"

"नाही. बाकीच्यांनी कुणी खिडकीत ठेवली होती, कुणी जिन्यात. त्या पडल्या नाहीत."

"मग थ्री का?" तिच्या कपाळाला आठी पडली. "रोज तर वन उतरते ना? मग त्या दिवशीच का?"

"कारण त्या दिवशी," बाईंनी सवयीनं सुरुवात केली.

"सांगू नका, बाई," महबूब म्हणाला. मास्तर किंवा मास्तरीणबाईंना मध्येच तोडण्याची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि आपला आवाज मोठा झाला याचं त्याला अवघडल्यासारखं झालं. बाई थांबल्या.

रबिया त्याच्याकडे बघत होती. "तुला माहीत नाय?"

"माहीत हाय," तो म्हणाला. "पण मी बघितलेला नाय. त्या दिवशी मी झोपलेलो. आणि प्लांटवर पण मी बघत नाय. बिनबघता लिहितो."

हे बाईंच्या समोर बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. बाईंनी मान वळवली आणि त्या बरण्यांचं कापड सारखं करू लागल्या. रबिया बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, रागानं नाही आणि प्रेमानंही नाही, बरणीकडे पहिल्या दिवशी बघत होती तशी, एक डोळा बारीक करून. मग तिनं दप्तरातून खोडरबर काढलं, वहीचं पान उलटलं आणि सोळाचा आकडा खोडायला लागली. मग पंधराचा. कागद चुरगळत होता, रबराचे काळे कण फ्रॉकवर पडत होते. पाहुणे यायला तासभर होता. बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्या वहीकडे, आणि एक पाऊल पुढे टाकून त्या थांबल्या. कोपऱ्यावर ट्रकचा भोंगा वाजला, पुन्हा एकदा लांब वाजला आणि मग ट्रक निघून गेल्याचा आवाज आला. अर्धा दिवस बुडाला हे महबूबला कळलं, पण त्याला हलवेना. तो खिडकीपाशी जाऊन पोरीच्या बाकाजवळ उभा राहिला. अकरा आकडे खोडून झाले तेव्हा पान मळकट दिसत होतं. रबियानं ते फुंकलं, पेन्सिल उचलली आणि काय लिहू असं कुणालाच न विचारता ती शेजारच्या कोऱ्या रकान्यावर वाकली. एक अक्षर लिहून ती थांबली.

"बाबा," मान वर न करता ती म्हणाली, "तू माझ्या उजेडात उभा हायस."

महबूब बाजूला झाला.